ताप रिपोर्टसाठी थांबत नाही

दोन वर्षांपूर्वीची आषाढातली संध्याकाळ. दिवसभर पाऊस लागून राहिला होता, लॅबमधला मुलगा काउंटर पुसत होता आणि मी रिएजंटच्या ऑर्डरचा हिशेब करत बसले होते. तेवढ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन आत आले. शर्टच्या खिशातून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जांभळ्या बुचाची नळी काढली. "मॅडम, डॉक्टर म्हणले लगेच करून द्या. मंडळीला ताप आहे. तिसरं केमो झालंय, लाल औषधाचं."

"केमो कधी झालं, भाऊ?"

"आज दहावा दिवस."

दहावा दिवस ऐकल्यावर हातातले बाकीचे सगळे बाजूला ठेवले. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. मशीनने आकडा दिला ७००, आणि प्रकारवार मोजणीच्या जागी नुसत्या चांदण्या छापल्या. तालुक्याच्या लॅबमधल्या थ्री-पार्ट काउंटरला इतक्या थोड्या पेशींत फरक करता येत नाही. मग काच ओढली, रंगवली, मायक्रोस्कोपखाली धरली. एरवी थोडी काच सरकवली की पांढऱ्या पेशी भेटत राहतात. त्या काचेवर तांबड्या पेशींची नुसती पखरण, आणि त्यात एक पांढरी पेशी शोधायला फील्डमागून फील्ड फिरायचे. नियम शंभर पेशी मोजायचा आहे. मला अख्ख्या काचेवर ३१ सापडल्या, त्यांतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी, ३. म्हणजे रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सत्तरच्या आसपास. पाचशेच्या खाली गेले की धोका, शंभरच्या खाली गेले की मोठा धोका, असे हे गणित आहे.

मी लगेच फोन केला. डॉक्टरांनी विचारले, "सीआरपी किती?" सीआरपी, म्हणजे अंगात दाह झाला की रक्तात वाढणारे प्रथिन, ३८ होता. "मग फार नाहीये. बीपी पण ठीक आहे. पीसीटी पाठवा, उद्या रिपोर्ट बघून वरचं अँटिबायोटिक ठरवू." पीसीटी म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन, जिवाणूंच्या मोठ्या संसर्गात रक्तात वाढणारा पदार्थ. ती तपासणी आमच्याकडे होत नाही. सॅम्पल रात्रीच्या गाडीने शहरात जाते, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी येतो. "थांबू नये असं मला वाटतं," एवढे मी म्हणाले. त्याहून ठाम बोलायला हवे होते. पहाटे चारला बाईंचे बीपी कोसळले. प्रोकॅल्सिटोनिनचा रिपोर्ट दुपारी माझ्या मोबाइलवर आला तेव्हा आकडा भलताच वर होता आणि बाई शंभरावर किलोमीटर दूर, शहरातल्या आयसीयूत होत्या. अकरा दिवसांनी त्या घरी आल्या. वाचल्या, म्हणून हे लिहायला हात धजावतो आहे.

त्या डॉक्टरांचा हेतू चांगला होता हे मला माहीत आहे. उगाच भारी अँटिबायोटिक देऊ नये, आधी रक्ताचा पुरावा बघावा, असे आपणच सगळे गेली दहा वर्षे एकमेकांना सांगतो आहोत, आणि एरवीच्या तापात ते बरोबरही आहे. पण केमोच्या रुग्णाचा ताप हा एरवीचा ताप नसतो. तिथे रक्तातल्या मार्करला, म्हणजे सीआरपी-पीसीटीसारख्या संसर्गाच्या खुणेला, चुकीच्या वेळी चुकीचा प्रश्न विचारला की तो जीवघेणी उत्तरे देतो. माझे म्हणणे एवढेच आहे: पहिला डोस कुठल्याही मार्करच्या रिपोर्टसाठी थांबता कामा नये. मार्करचे काम त्यानंतर सुरू होते. आणि हे नुसते डॉक्टरांच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही, ती सरकारी व्यवस्थेची जबाबदारी झाली पाहिजे.

हे "थांबू नका" आले कुठून, ते सांगायला हवे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशी आणि त्यांना होणारे संसर्ग यांचा ताळा घातला. ग्रॅन्युलोसाइट (यांत बहुतेक न्यूट्रोफिलच असतात) जितके कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्ग जास्त, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. तरी तेव्हाची रीत अशी की आधी कल्चर लावायचे, जंतू कोणता ते कळू द्यायचे, मग औषध. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, आणि स्यूडोमोनाससारखा घातक जंतू रक्तात शिरला असेल तर तेवढ्यात रुग्ण हातचा जातो. १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्फ यांनी ही रीत मोडली. ताप दिसला आणि पेशी पडलेल्या असल्या की जंतूचे नाव कळायच्या आत कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक सुरू. रुग्ण जगू लागले. आज जगभरची मार्गदर्शक तत्त्वे पहिला डोस तासाभरात द्यायला सांगतात, त्याचे मूळ तिथे आहे. पन्नास वर्षांपूर्वी आपण कल्चरची वाट बघणे सोडले. आता प्रोकॅल्सिटोनिनची वाट बघायला लागलो, तर फिरून त्याच जागी येऊन उभे राहतो. त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर नेमके तेच घडले.

वाट का बघावीशी वाटते, तेही समजून घेतले पाहिजे. अंगात न्यूट्रोफिलच नसतील तर संसर्ग दिसत नाही. पू धरायला पेशी लागतात, छातीच्या एक्स-रेत डाग उमटायला पेशी लागतात, लघवीत पस सेल यायला पेशी लागतात. त्यामुळे न्यूमोनिया असून एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. अशा तापांपैकी जेमतेम २० ते ३० टक्क्यांत तपासून संसर्गाची जागा सापडते, आणि रक्तात जंतू सापडतात ते १० ते २५ टक्क्यांत. उरलेल्यांच्या बाबतीत डॉक्टर अंधारात असतो. अंधारात माणूस आकड्याचा आधार शोधणारच.

पण तो आकडा काय बोलतो ते बघा. सीआरपी हा सगळ्यांत जुना. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला. यकृत तो तयार करते, आणि तयार करायला वेळ घेते. ताप आल्यावर सहा-आठ तासांनी तो चढू लागतो आणि दीड-दोन दिवसांनी शिखरावर पोचतो. म्हणजे ज्या घडीला आपण धोका ओळखू पाहतो, त्या घडीला सीआरपी अजून जिना चढत असतो. त्या बाईंचा ३८ हा असा अर्ध्या जिन्यावरचा आकडा होता. दुसरीकडे, गाठ मोठी असेल, तोंड आलेले असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर संसर्ग नसतानाही सीआरपी वर असतो. कॅन्सरच्या रुग्णात त्याचा एकच आकडा एकट्याने वाचणे म्हणजे गोंगाटात एकाचा आवाज ओळखायला जाणे.

प्रोकॅल्सिटोनिनची गोष्ट जास्त आशेची आहे. एरवी हे थायरॉइडच्या पेशींत बनते आणि तिथेच त्याचे कॅल्सिटोनिन होते, रक्तात जवळपास सापडत नाही. जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की ते रक्तात खूप वाढते, हे १९९३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवले. यकृतापासून चरबीपर्यंत सगळीकडच्या पेशी तेव्हा ते बनवून रक्तात सोडू लागतात, हे पुढे कळले. ते चार-सहा तासांत चढते, संसर्ग आटोक्यात आला की दिवसाला साधारण निम्मे उतरते, आणि मुख्य म्हणजे ते बनायला न्यूट्रोफिलची गरज लागत नाही. म्हणून पेशी पडलेल्या रुग्णात त्याला खास महत्त्व. तरीही बुरशीच्या संसर्गात ते कमी राहू शकते, कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकससारख्या सौम्य जंतूंनी कॅथेटर धरले असेल तरी कमी राहू शकते, आणि तापाच्या पहिल्या दोन-तीन तासांत तर राहतेच. "कमी आहे" याचा अर्थ "काही नाही" असा घेता येत नाही. अमेरिकेच्या संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेने २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत अँटिबायोटिक द्यायचे की नाही हे अशा मार्करवर ठरवू नका, तेवढा पुरावा नाही, असे म्हटले. ब्रिटनच्या २०१२ च्या तत्त्वांत सीआरपी आणि लॅक्टेट पहिल्याच रक्ततपासण्यांत आहेत, पण औषध त्यांच्यासाठी थांबवायचे नाही. दोन्ही बाजूंचा मथितार्थ एकच आहे.

मग हे मार्कर कशाला? इथे मला माझ्याच क्षेत्राची बाजू मांडायची आहे, कारण "मार्कर निरुपयोगी" असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही.

पहिला डोस गेला, तास-दोन तास झाले, आता खरा प्रश्न उभा राहतो: हिला ठेवायचे की घरी सोडायचे? यासाठी २००० सालापासून मॅस्क नावाची गुणपद्धत वापरली जाते. रुग्ण दिसायला किती आजारी आहे, बीपी कसे आहे, फुफ्फुसांचा जुना आजार आहे का, अंगातले पाणी कमी झाले आहे का, वय साठच्या आत आहे का, असे प्रश्न. एकूण गुण २६, आणि २१ किंवा जास्त मिळाले तर धोका कमी. रक्ताचा एक थेंबही यात लागत नाही, खाटेजवळ उभे राहून दोन मिनिटांत होते. फार उपयोगी गोष्ट आहे. पण ती तपासली गेली तेव्हा "कमी धोका" ठरलेल्या शंभरांपैकी नऊ जणांची तब्येत पुढे बिघडलीच होती. मार्करने आपल्याला हे नऊ जण शोधून द्यावेत, ही त्याच्याकडून करायची योग्य अपेक्षा. गुण चांगले, बाई हसून बोलते आहे, पण बारा तासांनी पुन्हा केलेले प्रोकॅल्सिटोनिन दुप्पट झाले आहे, तर तिला घरी पाठवू नये. एक आकडा फारसे सांगत नाही, दोन आकड्यांमधली चाल सांगते. आणि नेमके दुसऱ्यांदा रक्त पाठवायला नातेवाईक तयार होत नाहीत, कारण बाहेर पाठवलेल्या प्रोकॅल्सिटोनिनला दोन-अडीच हजार रुपये पडतात आणि तितक्यात आमचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आठ-नऊ वेळा होते.

सीबीसीवरून एक राहून गेलेली गोष्ट. स्पेनमधल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये सिस्ने नावाची दुसरी गुणपद्धत मांडली, वरवर बऱ्या दिसणाऱ्या, घन गाठीच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी. तिच्यात मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) २०० च्या खाली असणे आणि साखर अचानक चढलेली असणे यांना गुण आहेत. मोनोसाइट हे अस्थिमज्जा पुन्हा कामाला लागली की नाही याची पहिली चाहूल देतात, न्यूट्रोफिलच्या आधी ते परततात. हा आकडा अडीचशे-तीनशे रुपयांच्या सीबीसीत असतोच, आणि कोणी वाचत नाही. रात्री अकरा वाजता, आहे त्या मायक्रोस्कोपवर, डोळे फोडून मोजून देता येतो. महागड्या "फिव्हर पॅनल"ची जाहिरात करणाऱ्यांनी आधी हा आकडा तरी वाचायला शिकवावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरे काम अँटिबायोटिक कधी थांबवायचे हे ठरवण्याचे, आणि ते महाराष्ट्रात फार मोलाचे आहे. आपल्याकडच्या क्लेब्सिएला आणि ई. कोलाय या जंतूंनी भारीतल्या भारी औषधांना दाद देणे कमी केले आहे, आयसीएमआरचे अहवाल वर्षानुवर्षे तेच सांगत आहेत. ज्याला लागले त्याला तासाभरात द्यायचे, तर ज्याला लागत नाही त्याचे वेळेत बंदही करायला हवे. नाहीतर उद्याच्या रुग्णाला द्यायला काही उरणार नाही. उतरते प्रोकॅल्सिटोनिन इथे धीर देते. मात्र आयसीयूतल्या ज्या अभ्यासांवरून हा विश्वास आला, त्यांतल्या बहुतेकांत पेशी पडलेले रुग्ण मुळातच वगळलेले होते. उलट स्पेनमधल्या सहा रुग्णालयांनी २०१७ मध्ये असे दाखवले की ७२ तास ताप नसेल आणि रुग्ण बरा दिसत असेल, तर पेशी वर यायच्या आधीही औषध थांबवता येते. तिथे निर्णय थर्मामीटर आणि डॉक्टरच्या नजरेने घेतला.

आता जागेचा प्रश्न, जो मला सगळ्यांत मोठा वाटतो. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांची २०१८ ची तत्त्वे कमी धोक्याच्या रुग्णाला तोंडी औषधावर घरी पाठवायला परवानगी देतात, पण अटी घालून: पहिला डोस तासाभरात, त्यानंतर निदान चार तास देखरेख, घर रुग्णालयापासून तासाभराच्या किंवा ४८ किलोमीटरच्या आत, घरात चोवीस तास सोबत, फोन, आणि रात्री-अपरात्री निघायला गाडी. माझ्या तालुक्यातले किती रुग्ण यात बसतात? केमो शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, शेवटची एसटी संध्याकाळी, पावसाळ्यात ओढ्याला पाणी. मार्कर कितीही चांगला असो, वाडीवरच्या बाईचा धोका आधी अंतर ठरवते. तोंडी औषधाचेही तसेच. तिकडच्या यादीत सिप्रोफ्लॉक्सासिन पहिले आहे. आपल्याकडच्या ई. कोलायवर ते किती चालते हे कल्चरचे रिपोर्ट रोज बघणाऱ्या कुणालाही विचारा.

म्हणून मार्करची रेषा कुठे ओढायची हेही परदेशातून जसेच्या तसे उचलू नये. प्रोकॅल्सिटोनिनची रेषा कुणी ०.५ वर ओढली आहे, कुणी १ वर, कुणी २ वर, आणि निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, यात नवल नाही. आपल्याकडे ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्या जातीचे, ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात ते जंतू जास्त आणि प्रोकॅल्सिटोनिन त्यांच्यात अधिक चढते. रुग्ण पोचतात उशिरा, येताना पॅरासिटामॉल घेऊन येतात, केमोसोबत दिलेल्या स्टिरॉइडने ताप दबलेला असतो. परळच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड उभा आहे, देशभरची कॅन्सर रुग्णालये त्यात जोडलेली आहेत. आपल्या रुग्णांचे आपले आकडे गोळा करायला याहून चांगली जागा नाही. तापाच्या वेळचा आणि बारा तासांनंतरचा सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, मोनोसाइट, आणि पुढे काय झाले, एवढ्याच नोंदी ठेवायच्या आहेत.

हे आताच का, तर केमो जिल्ह्यांत येते आहे. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे, त्यांतली २०० पहिल्याच वर्षी, अशी घोषणा झाली. मला तिचा आनंद आहे. दर एकवीस दिवसांनी बिऱ्हाड घेऊन मुंबईला जाणारी, धर्मशाळेत नंबर लावणारी माणसे मी पाहिली आहेत. पण डे-केअर केंद्र संध्याकाळी बंद होते आणि ताप दहाव्या दिवशी रात्री येतो. केमोची सलाईन लावणे हा उपचाराचा सोपा भाग आहे. अमेरिकेत १९९५ ते २००० या काळात ११५ रुग्णालयांतल्या अशा तापाच्या ४१ हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा रुग्णालयात ९.५ टक्के दगावले होते. दुसरा मोठा आजार नसलेल्यांत हे प्रमाण २.६ टक्के, एकाहून अधिक असलेल्यांत २१ टक्के किंवा अधिक. हे दाखल झालेल्यांचे, सोयी असलेल्या ठिकाणचे आकडे.

तेव्हा ज्या केंद्राला केमो द्यायची परवानगी मिळेल, त्याने तापाची जबाबदारीही घ्यावी. रात्री उचलला जाणारा एक फोन. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात तासाभरात सीबीसी. कल्चरच्या बाटल्या आधी भरायच्या, त्याला पाच मिनिटे लागतात, आणि लगेच पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारख्या इंजेक्शनचा पहिला डोस, जो तिथल्या कपाटात आधीपासून असला पाहिजे. त्याचे पैसे महात्मा फुले योजनेतून रुग्ण जिथे पोचेल तिथे मिळाले पाहिजेत, केमो कुठे झाली ते न विचारता. प्रोकॅल्सिटोनिनचे मशीन जिल्ह्याला एक जरूर घ्या, आणि त्यावर दोनदा तपासणी मोफत करा. पण ते घेतले म्हणून बाकीचे झाले असे कुणी समजू नये. मशीनचे उद्घाटन करता येते, कपाटातल्या इंजेक्शनचे करता येत नाही, आणि मला याचीच भीती वाटते.

खर्चाचे कारण पुढे येईल. बाईंच्या यजमानांनी आयसीयूच्या बिलासाठी बैलजोडी विकली. पुढचे केमो तीन आठवडे लांबले.

त्या बाई पुढच्या प्रत्येक केमोआधी माझ्याकडे सीबीसीला आल्या. यजमान चष्म्याच्या रिकाम्या डबीत थर्मामीटर घेऊन यायचे आणि सोबत घडी केलेला एक कागद. तो मी आता केमो चालू असलेल्या प्रत्येकाला रिपोर्टसोबत देते. त्यावर लिहिले आहे: "या व्यक्तीला केमोथेरपी चालू आहे. ताप १०१ एकदाही आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर पॅरासिटामॉल देऊन घरी थांबू नये. पांढऱ्या पेशी कमी असण्याची शक्यता आहे. रक्त घ्यावे आणि रिपोर्टची वाट न पाहता तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक द्यावे ही विनंती." खाली केमो केंद्राच्या रात्रीच्या फोन नंबरसाठी जागा सोडली आहे. तिथे अजून माझाच नंबर लिहावा लागतो.